विश्वातल्या पहिल्या दीर्घिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेम्स वेब दुर्बिणीची पहिली छायाचित्रं १२ जुलै २०२२ रोजी जगापुढे आली. तेव्हापासून 'आजवरची सर्वांत दूरची दीर्घिका सापडली' ही बातमी अधूनमधून येतच असते आणि प्रत्येक बातमीनंतर तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. प्रश्न चांगले असतात, उत्तरं मात्र बातमीच्या चार ओळींत मावत नाहीत. म्हणून ती इथे सवडीने लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयाचा गाभा तिथे आहे. काही थोडक्यात आटोपली आहेत.

'पहिली दीर्घिका' कोणती?

अमुक एक, असं बोट ठेवून सांगता येत नाही. तारे, वायू, धूळ आणि कृष्णद्रव्य यांचा गुरुत्वाकर्षणाने बांधून ठेवलेला समूह म्हणजे दीर्घिका. असे समूह विश्वात ठिकठिकाणी, थोड्याफार फरकाने एकाच सुमारास तयार होऊ लागले. संशोधक 'पहिल्या दीर्घिका' म्हणतात तेव्हा महास्फोटानंतरच्या पहिल्या शंभर कोटी वर्षांतल्या, त्यातही पहिल्या तीस-चाळीस कोटी वर्षांतल्या दीर्घिका त्यांच्या मनात असतात. विश्वाचं आजचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं आहे, हे लक्षात ठेवलं तर हा काळ किती कोवळा होता ते कळतं.

दीर्घिका म्हटलं की सुंदर सर्पिल चक्र डोळ्यांपुढे येतं. या तशा नव्हत्या. २०२४ मध्ये जाहीर झालेली जेडस-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका सुमारे १६०० प्रकाशवर्षं रुंद आहे. आपली आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षांच्या घरात आहे. म्हणजे आकाशगंगेच्या एका कोपऱ्यात सहज हरवून जाईल एवढी ती लहान आहे, आणि तिच्या काळाच्या मानाने ती चांगली थोराड आहे.

महास्फोटानंतर तारे लगेच का पेटले नाहीत?

आधी सगळं फार तापलेलं होतं. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी तापमान ३००० केल्विनच्या आसपास उतरलं, इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकांशी जोडले गेले आणि हायड्रोजन व हेलियमचे अखंड अणू तयार झाले. त्या वेळी मोकळा झालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून आपल्यापर्यंत येतो. त्याला वैश्विक पार्श्वप्रारण म्हणतात.

त्यानंतर अंधारयुग आलं. हायड्रोजन होता, हेलियम होता, लिथियमचा अंशमात्र होता, पण एकही तारा नव्हता. वायू जवळजवळ सगळीकडे सारखा पसरलेला होता. घनतेतला फरक लाखात एक भाग एवढाच. विश्वातलं पुढचं सगळं याच क्षुल्लक फरकातून उभं राहिलं.

कृष्णद्रव्य, ज्याला सगळे डार्क मॅटर म्हणतात, ते नेहमीच्या पदार्थाच्या पाचपटीहून थोडं अधिक आहे. त्याला प्रकाशाचा दाब जाणवत नाही, त्यामुळे ते आधी गोळा होऊ लागलं. त्याचे लहान लहान खळगे तयार झाले आणि उतारावरून पाणी वाहावं तसा वायू त्यांत उतरू लागला. पण वायू दाबला की तापतो आणि तापला की बाहेर ढकलतो. तारा व्हायचा तर ती उष्णता बाहेर टाकण्याची सोय हवी. आज हे काम कार्बन, ऑक्सिजन आणि धूळ करतात. तेव्हा यांतलं काहीच नव्हतं. होते फक्त हायड्रोजनचे थोडे रेणू, आणि ते या कामात फार कच्चे. त्यांच्या जोरावर वायू २०० केल्विनपर्यंत कसाबसा थंड होतो. आजचे तारे जन्मतात त्या मेघांचं तापमान १० केल्विनच्या आसपास असतं.

वायू जितका उबदार, तितका मोठा गोळा जमल्याशिवाय तो आपल्याच भाराने कोसळत नाही. म्हणून पहिले तारे बहुधा भारदस्त होते, सूर्याच्या दहापट ते शेकडोपट वस्तुमानाचे. त्यांतले सर्वांत भारी तारे वीस-तीस लाख वर्षांत संपतात. सूर्याचं आयुष्य सुमारे हजार कोटी वर्षांचं आहे.

इतक्या जुन्या काळातलं आज दिसतं कसं?

प्रकाशाला यायला वेळ लागतो म्हणून. सर्वांत दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश सुमारे १३५० कोटी वर्षं प्रवास करून आपल्यापर्यंत येतो. आपण त्या आज कशा आहेत हे पाहत नसून तेव्हा कशा होत्या हे पाहत असतो.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. '१३५० कोटी प्रकाशवर्षं अंतरावर' असं बातमीत छापतात, ते बरोबर नाही. प्रकाश वाटेत असताना अवकाश प्रसरण पावत राहिलं, त्यामुळे ती जागा आज आपल्यापासून सुमारे ३४०० कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. १३५० कोटी हा प्रवासाचा काळ झाला.

ताम्रसृती १४ म्हणजे काय?

अवकाश ताणलं जातं तशी त्यातून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीही ताणली जाते. प्रकाश लालसर होत जातो, म्हणून ताम्रसृती किंवा रेडशिफ्ट. आकड्यात एक मिळवायचा, की प्रकाश किती पट ताणला गेला ते मिळतं. ताम्रसृती १४ म्हणजे १५ पट.

आता हे एका खऱ्या रेषेवर करून पाहा. रेषा म्हणजे एखादं मूलद्रव्य ज्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देतं किंवा शोषतं ती. हायड्रोजनची सर्वांत ठळक रेषा लायमन-आल्फा, तरंगलांबी १२१.६ नॅनोमीटर. ती अतिनील भागात येते. तिला १५ ने गुणलं की १८२४ नॅनोमीटर होतात, म्हणजे जवळजवळ १.८ मायक्रॉन. हा अवरक्त प्रकाश झाला, डोळ्यांना न दिसणारा. हबल दुर्बिणीची नजर १.७ मायक्रॉनच्या आसपास संपते. ताम्रसृती १४ ची दीर्घिका कितीही वेळ निरखली असती तरी हबलला तिथे काळोखच दिसला असता. वेब दुर्बीण का बांधावी लागली, याचं उत्तर या एका गुणाकारात आहे.

वेबचा आरसा ६.५ मीटरचा, सोन्याचा मुलामा दिलेल्या बेरिलियमच्या १८ षट्कोनी तुकड्यांचा. हबलचा आरसा २.४ मीटरचा. अवरक्तात पाहायचं तर दुर्बीण स्वतः थंड हवी, नाहीतर तिचीच उष्णता चित्रात उमटेल. म्हणून ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, पाच पदरी सूर्यढालीच्या सावलीत ठेवली आहे.

चित्रात तर नुसता लाल ठिपका असतो. त्यावरून एवढं सगळं कसं कळतं?

नुसत्या ठिपक्यावरून कळत नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

पहिली पायरी गाळण्यांची, म्हणजे ठरावीक रंगाचाच प्रकाश पुढे सोडणाऱ्या फिल्टरांची. एकाच जागेची चित्रं वेगवेगळ्या गाळण्यांमधून घेतात. दूरच्या दीर्घिकेच्या प्रकाशातला लायमन-आल्फाच्या अलीकडचा, म्हणजे त्याहून आखूड लहरींचा भाग वाटेतला हायड्रोजन पार शोषून घेतो. त्यामुळे ती निळ्या बाजूच्या गाळण्यांत दिसत नाही आणि एका ठरावीक गाळणीपासून पुढे अचानक दिसू लागते. कोणत्या गाळणीत उगवते त्यावरून अंतराचा अंदाज बांधतात. ही पद्धत चांगली आहे, पण हा अंदाजच आहे.

तो किती चुकू शकतो याचं उदाहरण म्हणजे सीर्स-९३३१६. २०२२ च्या उन्हाळ्यात ही दीर्घिका ताम्रसृती १६ च्या पुढची असावी असं मांडलं गेलं. खरी असती तर विक्रम झाला असता. पुढे तिचा वर्णपट घेतला, म्हणजे तिचा प्रकाश तरंगलांबीनुसार उलगडून पाहिला, तेव्हा ताम्रसृती निघाली ४.९. ती जवळची, धुळीने लाल दिसणारी दीर्घिका होती आणि तिच्या वायूच्या तेजस्वी रेषा नेमक्या अशा गाळण्यांत पडल्या होत्या, की रंग हुबेहूब दूरच्या दीर्घिकेसारखा दिसावा. यात कोणी फसवणूक केली नव्हती. ज्या संशोधकांनी तिचा वर्णपट घेतला त्यांनीच निकाल उघडपणे मांडला, आणि विज्ञान असंच चालायला हवं.

म्हणून दुसरी पायरी, वर्णपट. वेबवरच्या निअरस्पेक या उपकरणात सुमारे अडीच लाख चिमुकल्या झडपा आहेत. एकेक झडप साधारण ०.१ मिलिमीटर रुंद आणि ०.२ मिलिमीटर लांब. हव्या त्या ठिपक्यांसमोरच्या झडपा उघडायच्या, बाकीच्या मिटायच्या, म्हणजे शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश आत शिरत नाही आणि एकाच वेळी अनेक दीर्घिकांचे वर्णपट मिळतात.

जानेवारी २०२४ मध्ये जेडस-जीएस-झेड१४-० वर ही झडप जवळजवळ दहा तास रोखून धरली होती. मिळालेला आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ त्यावरून नजर हलेना. डावीकडून सुरुवात केली की रेघ शून्याभोवती थरथरत असते, नुसता गोंगाट. १.८५ मायक्रॉनपर्यंत काहीही नाही. मग पायरी चढावी तशी रेघ एकदम वर जाते आणि तिथून उजवीकडे हळूहळू उतरत राहते. सगळा पुरावा त्या पायरीत आहे. १.८५ मायक्रॉनला १२१.६ नॅनोमीटरने भागलं की १५ च्या थोडं वर उत्तर येतं. डावीकडचा कोरा भाग दीर्घिकेने कोरा ठेवलेला नाही, वाटेतल्या हायड्रोजनने तो प्रकाश गिळला आहे. विश्वाच्या त्या वयात वाटेत अखंड हायड्रोजन होता, हे त्या कोऱ्या जागेवरून कळतं.

पुढे चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बीण-समूहाने याच दीर्घिकेत ऑक्सिजन शोधला आणि ताम्रसृती १४.१८ अशी पक्की झाली. ऑक्सिजनची ती रेषा मुळात ८८ मायक्रॉनची, पण ताणून १.३४ मिलिमीटरवर आलेली. दोन अगदी वेगळी उपकरणं, दोन वेगळी मूलद्रव्यं आणि आकडा जवळजवळ एकच. माझ्या लेखी खात्री म्हणजे हे. २०२५ मध्ये मॉम-झेड१४ ही ताम्रसृती १४.४४ ची दीर्घिका जाहीर झाली, तीही वर्णपटाच्या आधारे. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय सुमारे २८ कोटी वर्षं होतं.

विक्रमाची बातमी वाचाल तेव्हा आधी एवढंच पाहा, वर्णपट घेतला आहे की नाही. नसेल तर त्या दीर्घिकेला 'उमेदवार' म्हणतात, आणि उमेदवार गळतात.

पहिल्या दीर्घिकांनी विश्व बदललं म्हणतात. नेमकं काय बदललं?

दीर्घिकांच्या मधल्या अफाट पोकळीतला वायू. विश्वातला बहुतेक साधा पदार्थ ताऱ्यांमध्ये नसतो, तो या विरळ वायूत असतो. अंधारयुगात तो वायू थंड होता आणि त्याचे अणू अखंड होते. आज तो जवळजवळ पूर्णपणे फुटलेल्या अवस्थेत आहे, इलेक्ट्रॉन वेगळे आणि प्रोटॉन वेगळे. या बदलाला पुनर्आयनीभवन म्हणतात. 'पुनर्' अशासाठी, की महास्फोटानंतरच्या उष्ण काळात वायू एकदा याच अवस्थेत होता.

हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटा करायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. एवढी ऊर्जा ९१.२ नॅनोमीटरहून आखूड लहरींच्या अतिनील किरणांत असते, आणि असे किरण मोठे, तापलेले, अल्पायुषी तारे भरभरून देतात. पहिल्या दीर्घिका अशाच ताऱ्यांनी भरलेल्या होत्या.

हे सगळीकडे एकदम झालं नाही. प्रत्येक दीर्घिकेने आधी आपल्याभोवती मोकळ्या वायूचा बुडबुडा तयार केला. जिथे दीर्घिका दाटीने होत्या तिथे बुडबुडे लवकर एकमेकांना मिळाले. रिकाम्या जागी अखंड हायड्रोजनची बेटं उशिरापर्यंत टिकली. महास्फोटानंतर साधारण शंभर कोटी वर्षांनी शेवटची बेटंही विरली आणि विश्व अतिनील प्रकाशाला पारदर्शक झालं.

याचा उलटा परिणाम दीर्घिकांवरही झाला. मोकळा झालेला वायू दहा हजार केल्विन आणि त्याहून वर तापला. इतका तापलेला वायू लहान कृष्णद्रव्याच्या खळग्यांत टिकत नाही, वाफ होऊन उडून जातो. म्हणजे ज्या लहान दीर्घिकांनी हे काम केलं, त्यांच्यातल्या अनेकांची नवे तारे घडवण्याची सामग्री त्याच कामात संपली. आकाशगंगेभोवतीच्या काही अतिमंद बटू दीर्घिकांमधले जवळजवळ सगळे तारे फार जुने आहेत, नंतर तिथे तारा जन्मलाच नाही. हे सगळं प्रकरण मला सर्वांत जास्त कुठे भिडत असेल तर इथे.

हा बदल कधी झाला हे कसं ठरवलं?

दोन पुरावे मुख्य आहेत. पहिला क्वेसारांचा. क्वेसार म्हणजे महाकाय कृष्णविवरात पडणाऱ्या वायूमुळे झगमगणारं, फार तेजस्वी दीर्घिकाकेंद्र. अखंड हायड्रोजन उरला असेल तर दूरच्या क्वेसारच्या वर्णपटात लायमन-आल्फाच्या अलीकडे सलग काळा खळगा दिसायला हवा, असं जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन यांनी १९६५ मध्येच मांडलं होतं. तो खळगा प्रत्यक्ष दिसायला २००१ उजाडलं, तेही ताम्रसृती ६.२८ च्या एका क्वेसारमध्ये. छत्तीस वर्षं ते भाकीत वाट पाहत होतं.

हा पुरावा नाजूक आहे, हेही सांगायला हवं. दहा हजारांत एक अणू अखंड राहिला तरी खळगा पूर्ण काळा होतो. त्यामुळे बदल कधी संपला हे त्यावरून कळतं, मध्य कधी होता ते कळत नाही.

ते कळतं दुसऱ्या पुराव्यावरून. मोकळे झालेले इलेक्ट्रॉन वैश्विक पार्श्वप्रारणाचे थोडे किरण विखुरतात. प्लँक या अवकाशयानाच्या मोजणीनुसार हे प्रमाण पाच-सहा टक्के आहे आणि त्यावरून बदलाचा मध्य ताम्रसृती ७.७ च्या आसपास येतो, म्हणजे महास्फोटानंतर साधारण ६८ कोटी वर्षांनी.

हे काम मोठ्या दीर्घिकांनी केलं, लहान दीर्घिकांनी की कृष्णविवरांनी?

यावर अजून वाद चालू आहे. माझा कल लहान दीर्घिकांकडे आहे, आणि त्याला कारण आहे. २०२४ मध्ये ॲबेल २७४४ या दीर्घिकासमूहामागच्या आठ अतिशय मंद दीर्घिकांचे वर्णपट प्रसिद्ध झाले. समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम करून त्यांचा प्रकाश वाढवला होता, एरवी त्या वेबलाही दिसल्या नसत्या. त्या दीर्घिका आधी गृहीत धरलं होतं त्याच्या सुमारे चौपट आयनकारी, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन सुटे करणारे, किरण देत होत्या, आणि अशा लहान दीर्घिका संख्येने फार जास्त होत्या.

खरी अडचण पुढे आहे. तयार झालेल्या किरणांपैकी किती दीर्घिकेतून बाहेर पडले? तिथल्याच वायूने बरेच गिळले असणार. आणि त्या काळातल्या दीर्घिकांमधून निसटणारे ते किरण थेट पाहता येत नाहीत, कारण वाटेतला हायड्रोजन नेमके तेच अडवतो. म्हणून जवळच्या, त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या दीर्घिका मोजून अंदाज बांधावा लागतो.

वेबच्या शोधांमुळे महास्फोटाचा सिद्धांत चुकीचा ठरला का?

नाही. हा दावा ज्या उत्साहाने पसरवला जातो त्याचं मला वाईट वाटतं, कारण त्यामुळे खरा आणि फार रोचक प्रश्न झाकला जातो.

खरा प्रश्न असा. ताम्रसृती १० च्या पलीकडे तेजस्वी दीर्घिका अपेक्षेपेक्षा स्पष्टपणे जास्त सापडल्या. २०२३ च्या सुरुवातीला सहा अशा उमेदवार दीर्घिका मांडल्या गेल्या, ज्यांचं वस्तुमान त्या वयाच्या विश्वाला पेलणार नाही इतकं वाटत होतं. पुढे त्यातल्या एकीचं अंतर कमी निघालं आणि तिच्या तेजात कृष्णविवराचाही वाटा असल्याचं दिसलं. बाकीच्यांच्या आकड्यांवरही फेरविचार झाला. तरीही तेजस्वी दीर्घिकांची गर्दी खोटी ठरलेली नाही. वर्णपटांनी ती पक्की केली आहे.

ती का, याची कारणं ताऱ्यांच्या जन्मात शोधली जात आहेत. एक शक्यता, तारे सलग न जन्मता झटक्याझटक्याने जन्मत होते आणि ऐन भरातल्या दीर्घिका आपल्याला आधी दिसतात. दुसरी, दाट वायूचे तारे होण्याचं प्रमाण आजच्यापेक्षा जास्त होतं. तिसरी, धूळ कमी होती म्हणून प्रकाश अडला नाही. चौथी, भारी ताऱ्यांचा वाटा मोठा होता, म्हणजे तेवढ्याच वस्तुमानात जास्त उजेड. या एकमेकींना छेद देत नाहीत, बहुधा एकाहून अधिक खऱ्या असतील. यांतल्या कुठल्याही कारणासाठी विश्वाचं प्रसरण नाकारावं लागत नाही. उलट जो वर्णपट दाखवून हे दावे करतात, त्याचं अंतरच मुळी प्रसरणावरून काढलेलं असतं.

इतक्या लवकर महाकाय कृष्णविवरं कशी तयार झाली?

जे०३१३-१८०६ हा क्वेसार विश्व सुमारे ६७ कोटी वर्षांचं असतानाचा आहे आणि त्यातलं कृष्णविवर सुमारे १६० कोटी सूर्यांएवढं आहे. कृष्णविवर हवं तितक्या वेगाने वाढू शकत नाही. पडणाऱ्या वायूचाच उजेड पुढच्या वायूला मागे रेटतो. शंभर सूर्यांएवढ्या बीजापासून सुरुवात केली तर तिथवर पोचायला वेळ अपुरा पडतो. म्हणून काही संशोधक मानतात, की काही ठिकाणी प्रचंड वायूमेघ तारे न होता थेट कोसळला आणि लाखभर सूर्यांचं बीज एकदम तयार झालं. यूएचझेड१ या दीर्घिकेतून चंद्रा दुर्बिणीने टिपलेले क्ष-किरण याच्या बाजूने मांडले जातात.

वेबने आणखी एक कोडं दिलं आहे, 'चिमुकले लाल ठिपके'. असे शेकडो सापडले आहेत. त्यांच्या वर्णपटातल्या रेषा रुंद आहेत, म्हणजे वायू फार वेगाने फिरतो आहे, जसा तो कृष्णविवराभोवती फिरतो. पण क्ष-किरण जवळजवळ नाहीत. दाट वायूच्या कोषात दडलेली वाढती कृष्णविवरं, हे स्पष्टीकरण सध्या पुढे आहे.

पहिल्या पिढीचे तारे प्रत्यक्ष दिसले का?

निर्विवादपणे नाही. फक्त हायड्रोजन-हेलियमची दीर्घिका दिसली तर ओळखता येईल, तिच्या वर्णपटात ऑक्सिजनची रेषा नसेल. ताम्रसृती १४ लाच ऑक्सिजन दिसतो याचा अर्थ त्याआधी निदान एक पिढी जन्मून स्फोटात संपली होती.

प्रकाश सोडून दुसरा काही मार्ग आहे का?

आहे. आतापर्यंत सगळं दीर्घिकांविषयी होतं, हा मार्ग थेट वायूकडे जातो. अखंड हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी देतो किंवा शोषतो. ताम्रसृती १२ ते १५ मधल्या हायड्रोजनचा हा संदेश ताणून कुठे येतो ते भागाकार करून पाहा. उत्तर येतं साधारण १०९ ते ८९ मेगाहर्ट्झ. जवळजवळ हाच एफएम रेडिओचा पट्टा. पहिल्या दीर्घिकांच्या काळचा संदेश गाण्यांच्या आणि बातम्यांच्या गजबजाटाखाली दबलेला आहे. वरून आकाशगंगेची स्वतःची रेडिओ खरखर, ती त्या संदेशाच्या हजारो पट.

२०१८ मध्ये एजेस या प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झजवळ असा संदेश मिळाल्याचं जाहीर केलं, पण तो अपेक्षेपेक्षा दुपटीहून खोल होता. रामन संशोधन संस्थेच्या सारस ३ या प्रयोगाने तो पडताळायचं ठरवलं. जमिनीवर ठेवलेल्या अँटेनाला खालच्या खडक-मातीचे थर त्रास देतात, म्हणून त्यांनी अँटेना कर्नाटकातल्या जलाशयांवर तरंगत ठेवली. खाली एकसारखं पाणी, म्हणजे चुकीचं एक मोठं कारण कमी. २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं, की एजेसचा तो आकार त्यांच्या मोजणीत दिसत नाही. एवढ्या साध्या, नेटक्या कल्पनेने जगभरच्या चर्चेची दिशा बदलली. आता दक्षिण आफ्रिकेतला हेरा प्रकल्प आणि ऑस्ट्रेलियात उभा राहणारा स्क्वेअर किलोमीटर ॲरेचा भाग यांच्याकडून बुडबुड्यांचा नकाशाच मिळण्याची आशा आहे.

सामान्य माणसाला ही निरीक्षणं पाहता येतात का?

हो. वेबच्या मोठ्या सर्वेक्षणांतली बरीचशी माहिती सार्वजनिक संग्रहात लगेच खुली होते, उरलेली सहसा वर्षभरात. फुकट उतरवून घेता येते. पायथॉन ही संगणकभाषा थोडी येत असेल तर वर्णपटाचा आलेख काढून ती पायरी स्वतः शोधा, यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही. ते नको असेल तर गॅलेक्सी झू हा प्रकल्प २००७ पासून लोकांकडून दीर्घिकांचे आकार ओळखून घेतो.

आपल्या जवळपास त्या काळातलं काही उरलं आहे का?

उरलं आहे, आणि ते आकाशगंगेतच आहे. खगोलशास्त्रात हेलियमहून जड प्रत्येक मूलद्रव्याला 'धातू' म्हणतात. जितके धातू कमी, तितका तारा मूळ वायूच्या जवळचा. असे तारे लाखोंच्या गर्दीतून वेचावे लागतात. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्कायमॅपर दुर्बिणीच्या मदतीने सापडलेला एसएमएसएस जे०३१३-६७०८ हा तारा सुमारे ६००० प्रकाशवर्षांवर आहे. शोधाच्या वेळी त्यात लोखंडाची एकही रेषा सापडली नाही. असलंच तर सूर्यातल्या लोखंडाच्या एक कोटीव्या भागाहून कमी. कॅल्शियम मात्र किंचित आहे, आणि कार्बन त्या मानाने बराच.

यावरून शोधकर्त्यांनी त्याच्या आधीच्या ताऱ्याची कहाणी जुळवली. सूर्याच्या साठपट वस्तुमानाचा एक पहिल्या पिढीचा तारा मंद जोराने फुटला. बाहेरचे थर, म्हणजे कार्बन वगैरे, उडाले. आतलं लोखंड वर येऊ शकलं नाही, ते जागीच तयार झालेल्या कृष्णविवरात पडलं. उडालेल्या राखेत मिसळलेल्या हायड्रोजनमधून हा दुसरा, छोटा तारा जन्मला. तो लहान असल्यामुळे अजून जळतो आहे.